डोळ्यांवरची सावली

‘वडस’ हा मराठीतला जुना शब्द. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक मांसल, तांबूस पडदा वाढतो आणि हळूहळू बुबुळाकडे सरकतो, त्याला वडस म्हणतात. काहीजण नुसतं ‘डोळ्यात मांस वाढलंय’ म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘टेरिजियम’ असं लिहिलेलं असतं. आमच्या घनसावंगी तालुक्यात कोणत्याही गावच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, तर एखाद्याच्या तरी डोळ्यात तो दिसतो. आकार त्रिकोणी असतो. रुंद बाजू पांढऱ्या भागात आणि टोक बुबुळाकडे.

या वडसाची एक गोष्ट मला बरीच वर्षं खटकत होती. तो बहुतेक वेळा नाकाच्या बाजूनेच का उगवतो? धूळ डोळ्यात सगळीकडून जाते. वारा दोन्ही बाजूंनी लागतो. ऊन तर वरून सगळीकडे सारखंच पडतं, असं आपण धरून चालतो. उलट नाकाची त्या कोपऱ्यावर थोडीफार सावलीच पडते. मग कानाकडचा उघडा कोपरा सोडून नाकाकडच्या झाकल्या कोपऱ्यातच हे का वाढावं?

या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना जे विचारलं आणि इथल्या उन्हात काठी रोवून जे मोजलं, ते इथे मांडतो आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. ज्याचा दिवस उघड्यावर जातो त्याने डोळे कसे राखावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उन्हात तीन गोष्टी असतात

आपण ‘ऊन’ म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एका शब्दात बांधतो. एक उष्णता. ती कातडीला कळते. दुसरा उजेड. तो डोळ्याला कळतो, म्हणून डोळे आपोआप बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात. तिसरे अतिनील किरण. ते ना कातडीला लागताक्षणी कळतात, ना डोळ्याला दिसतात. डोळ्यांचं खरं नुकसान या तिसऱ्या गोष्टीने होतं, आणि नेमकी तीच ओळखायला निसर्गाने आपल्याला काही साधन दिलेलं नाही.

म्हणून आपले अंदाज चुकतात. गार वारा सुटला की ऊन कमी झालं असं वाटतं. वाऱ्याने अतिनील किरण कमी होत नाहीत. आभाळात पातळ ढग आले की उजेड मऊ होतो. पण पातळ ढगांतून या किरणांचा बराच मोठा वाटा खाली येतो. झाडाखाली बसलं की आपण सावलीत असतो. पण या किरणांपैकी जवळजवळ निम्मे थेट सूर्याकडून येतच नाहीत. ते हवेत विखरून सगळ्या आकाशातून येतात. एकट्या बाभळीखाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मोकळं आकाश असेल, तर त्याची सावली अर्धीच समजावी.

या किरणांचे तीन गट केले जातात: यूव्ही-ए, यूव्ही-बी आणि यूव्ही-सी. यूव्ही-सी वातावरणातच अडतात. यूव्ही-बीचा मोठा भाग ओझोनचा थर अडवतो, उरलेला जमिनीवर पोहोचतो. यूव्ही-ए मात्र बहुतांशी खाली येतात. जागतिक आरोग्य संघटनेने या किरणांची तीव्रता सांगण्यासाठी एक निर्देशांक ठरवून दिला आहे. त्यात ११ किंवा त्याहून वरचा आकडा ‘अतितीव्र’ समजला जातो. आपल्या अक्षांशावर एप्रिल-मे महिन्यांत, निरभ्र दुपारी, हा आकडा सहज गाठला जातो.

डोळ्यात शिरल्यावर या किरणांचं काय होतं? डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, यूव्ही-बीचा मोठा भाग शोषून घेतो. त्यातून सुटलेले आणि यूव्ही-ए पैकी बहुतेक किरण आतलं भिंग अडवतं. मोठ्या माणसाच्या डोळ्यात सगळ्यात मागच्या दृष्टिपटलापर्यंत शंभरातला जेमतेम एखादा भाग पोहोचतो. म्हणजे पारपटल आणि भिंग हे दोघं दृष्टिपटलाचे राखणदार आहेत. राखण करता करता झीज त्यांची होते.

पारपटलावर एकदम मोठा मारा झाला तर काय होतं, हे जालन्याच्या कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्या कोणालाही विचारावं. चष्मा न लावता वेल्डिंगचा झोत पाहिला तर त्या वेळी काही होत नाही. सहा-सात तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. बर्फाळ प्रदेशात चालणाऱ्यांना होणारं हिमांधत्व हा तोच प्रकार आहे, कारण ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. हे दुखणं दोन-तीन दिवसांत बरं होतं. शेतातल्या उन्हाचा मारा इतका जोराचा नसतो. तो थोडा थोडा, रोज, तीस-चाळीस वर्षं होत राहतो, आणि त्याची कोणत्याही रात्री आग होत नाही.

नाकाकडचा कोपरा

आता वडसाच्या प्रश्नाकडे वळू. याचं उत्तर ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी १९९० च्या सुमारास मांडलं, आणि ते ऐकलं की एरवी विचित्र वाटणारी गोष्ट सरळ होते.

पारपटल फुगीर असतं, घड्याळाच्या जुन्या काचेसारखं. समोरून आलेला उजेड ते बाहुलीतून आत सोडतं. पण कानाच्या बाजूने, तिरपा आलेला उजेड त्या फुगीर काचेत वाकतो, डोळ्याच्या पुढच्या भागातून आडवा जातो आणि पलीकडच्या कडेला, म्हणजे नाकाच्या बाजूला, एका ठिकाणी गोळा होतो. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तर हे लगेच कळेल. तिथे एकवटलेल्या उजेडाची तीव्रता मूळ उजेडाच्या सुमारे वीसपट होऊ शकते, असं कोरोनिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पारपटल आणि पांढरा भाग जिथे जुळतात, त्याच कडेवर पारपटलाची कातडी नवी करणाऱ्या पेशी असतात. त्याच पेशींवर हा उजेड रोज पडतो.

नाकाकडून असा तिरपा उजेड येऊ शकत नाही, कारण मध्ये नाक आहे. कानाकडून येणाऱ्या उजेडाला काहीच आडवं नाही. म्हणून भाजतो तो नाकाकडचा कोपरा. ज्या बाजूने ऊन येतं तिच्या पलीकडच्या बाजूला इजा होते.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट महत्त्वाची आहे. समोरून डोळे झाकले आणि बाजू उघड्या ठेवल्या, तर सगळ्यात घातक वाट मोकळीच राहिली. बाजारात मिळणारा छोटा, गोल, सपाट गॉगल समोरचा उजेड अडवतो. कानशिलाकडून येणारा अडवत नाही.

आपल्या महाराष्ट्रात याचं प्रमाण किती आहे? नागपूरजवळच्या आठ खेड्यांत २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाची मोठी पाहणी झाली. तीस वर्षांवरच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले गेले. शेकडा तेराच्या आसपास माणसांच्या एका तरी डोळ्यात वडस सापडला, आणि वय वाढेल तसं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. नागपूरकडचं ऊन आणि आमच्याकडचं ऊन यांत फार अंतर नाही. तिथेही लोक कापूस वेचतात, खुरपणी करतात, उघड्यावर दिवस काढतात.

वडस बुबुळावर चढेपर्यंत नजरेला त्रास देत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. शस्त्रक्रियेने तो काढता येतो, पण नुसता खरवडून काढला तर पुष्कळदा परत वाढतो. त्यामुळे आता डॉक्टर त्या जागी डोळ्याच्याच दुसऱ्या भागातला पातळ पापुद्रा बसवतात. तरीही शस्त्रक्रियेनंतर उन्हापासून राखण करावी लागतेच.

भिंगाचा हिशोब

डोळ्यातलं भिंग ही शरीरातली एक आगळी वस्तू आहे. कातडी झडते आणि नवी येते. भिंगातले जुने तंतू मात्र कधीच बाहेर टाकले जात नाहीत. नवे थर त्यांच्यावर चढत जातात, कांद्यासारखे. गाभ्यातली प्रथिनं आईच्या पोटात तयार झालेली असतात आणि ती मरेपर्यंत तीच राहतात. म्हणून भिंगाला झालेली इजा भरून येत नाही, ती साठत जाते. साठलेली इजा म्हणजे गढूळपणा, आणि तो वाढला की मोतीबिंदू.

मोतीबिंदू उन्हानेच होतो असं म्हणणं खोटं ठरेल. वय हे त्याचं पहिलं कारण. मधुमेह, तंबाखू, स्टेरॉइडची औषधं, डोळ्याला बसलेला मार ही आणखी कारणं आहेत. चुलीच्या धुराकडेही अनेक संशोधकांनी बोट दाखवलं आहे. पण ऊन त्या यादीत आहे, आणि त्याचा वाटा कसा शोधला गेला ते पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात चेसापीक नावाचा उपसागर आहे. तिथे खेकडे आणि कालवं पकडणारे कोळी आयुष्यभर उघड्या होडीवर असतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे ह्यू टेलर आणि सहकाऱ्यांनी अशा ८३८ जणांचा अभ्यास केला. प्रत्येकाला विचारलं, कोणत्या वयात किती तास उन्हात होतास, टोपी घालायचास का, चष्मा होता का. त्यावरून जन्मभराचा हिशोब काढला आणि भिंगं तपासली. १९८८ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या डोळ्यात यूव्ही-बी सगळ्यात जास्त गेले होते, त्यांच्यात भिंगाच्या कडेच्या थरांतल्या मोतीबिंदूचा धोका सगळ्यात कमी ऊन घेतलेल्यांच्या तिपटीहून अधिक निघाला. गाभ्यातल्या मोतीबिंदूशी मात्र उन्हाचा संबंध सापडला नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. सगळा दोष उन्हावर न टाकता, उन्हाचं नेमकं काम कुठे आहे ते त्याने दाखवलं.

दुसरा अभ्यास आपल्या शेजारचा, नेपाळचा. १९८० च्या सुमारास तिथे १०५ ठिकाणी तीस हजारांहून अधिक माणसं तपासली गेली. जसजसं उंचावर जावं तसे अतिनील किरण वाढतात, म्हणून डोंगरात मोतीबिंदू जास्त निघावा असं वाटेल. निघालं उलटं. सखल तराईत मोतीबिंदू जास्त आणि डोंगरात कमी. कारण डोंगरातल्या गावांना शेजारचे उंच कडे सकाळ-संध्याकाळ सावली धरतात; सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर झाकतो. ज्या ठिकाणी दिवसाला बारा तास ऊन मिळत होतं, तिथे मोतीबिंदू सात तास ऊन मिळणाऱ्या ठिकाणांच्या जवळजवळ चौपट होता. माथ्यावरच्या दुपारपेक्षा तिरप्या उन्हाचे तास हिशोबात मोठे ठरले असावेत, असा विचार हे आकडे वाचताना माझ्या मनात आला. घनसावंगीला कडे नाहीत. गोदावरीच्या खोऱ्यातलं हे सपाट रान आहे. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उघडा दिसतो.

भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सुमारे दोन-तृतीयांश कारण मोतीबिंदू हेच निघालं. शस्त्रक्रियेने नजर परत येते हे खरं, आणि जालन्यात गणपती नेत्रालयासारखी मोठी रुग्णालयं आहेत हे आपल्या भागाचं भाग्य. पण ज्याची रोजी बोटांवर आणि नजरेवर चालते त्याला मोतीबिंदू पाच-सात वर्षं उशिरा आला, तर तेवढी वर्षं हातची राहतात.

काठी आणि सावली

‘दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका’ हा सल्ला सगळ्यांना ठाऊक आहे. कातडीसाठी आणि उष्माघातासाठी तो अगदी बरोबर आहे. डोळ्यांसाठी मात्र तो अपुरा आहे.

जपानमधल्या कानाझावा इथले नेत्रतज्ज्ञ हिरोशी सासाकी यांनी माणसाच्या डोक्याच्या आकाराचा पुतळा घेऊन त्याच्या डोळ्यांच्या जागी अतिनील किरण मोजणारे संवेदक बसवले. सूर्याकडे तोंड करून दिवसभर मोजलं. २०११ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. सूर्य डोक्यावर असताना डोक्याच्या माथ्यावर मारा सगळ्यात जास्त होता, पण डोळ्यांवर नव्हता. डोळ्यांवरचा मारा सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर असताना सगळ्यात जास्त निघाला, म्हणजे सकाळी आणि दुपार कलल्यावर. कारण उघड आहे. डोळे खोबणीत आहेत, वर भुवईची कड आहे. सूर्य माथ्यावर असला की ती कड छपराचं काम करते. सूर्य खाली उतरला की किरण छपराखालून आत शिरतात.

आमच्या गावासाठी ही वेळ कोणती, ते मी गणित करून आणि मीटरभराची काठी रोवून पडताळून पाहिलं. घनसावंगी साडेएकोणीस अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत सूर्य ४० अंशांवर असतो तो सकाळी पावणेनऊ-नऊच्या दरम्यान आणि दुपारी चारच्या आगेमागे. म्हणजे ज्या वेळेला आपण ‘ऊन उतरलं, आता रानात जाऊ’ म्हणतो, नेमकी ती वेळ.

नोव्हेंबरचा हिशोब आणखी बोलका आहे. महिन्याच्या मध्याला सूर्य भर दुपारीही ५२ अंशांच्या वर जात नाही. सकाळी दहा ते दुपारी अडीचपर्यंत तो ४० ते ५२ अंशांच्या पट्ट्यातच फिरतो. हे कापूस वेचणीचे दिवस. वेचणारी बाई सरीत उभी असते, बोंडं कमरेपासून छातीपर्यंत, नजर समोर. तोंड दक्षिणेकडे असलं तर सूर्य दिवसभर तिच्या भुवईच्या छपराखालून आत पाहत असतो. त्या दिवसांत अतिनील किरण मेपेक्षा कमी असतात, पण नगण्य नसतात. आणि हवा गार असल्यामुळे कोणी डोळे झाकत नाही.

घड्याळ लक्षात ठेवायची गरज नाही. आपली सावली पाहावी. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण जोरात आहेत. डोकं, मान, कातडी सांभाळावी. सावली आपल्या उंचीएवढी किंवा थोडी लांब असेल, तर सूर्य चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आहे. सूर्याकडे तोंड करून काम असेल तर डोळे सांभाळावेत. शक्य असेल तेव्हा सूर्याकडे पाठ येईल अशा बाजूने पात धरावी. याला पैसाही लागत नाही.

रुमाल, पदर, टोपी

आमच्याकडे डोक्याला काही ना काही असतंच. रुमाल, पटका, पांढरी टोपी, दस्ती, पदर. ही सगळी उष्णतेच्या अनुभवातून आलेली साधनं आहेत आणि ती डोकं उत्तम राखतात. डोळ्यांच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. पांढऱ्या टोपीला कड नाही. ती डोळ्यांवर काहीच सावली धरत नाही. रुमाल-पटक्याचंही तेच. त्या मानाने कपाळावर पुढे ओढून घेतलेला आणि गालांवरून खाली आलेला पदर बरा. तो वरून थोडी सावली देतो आणि कानशिलाची वाट झाकतो. दस्ती डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधण्याची पद्धतही याच कारणाने चांगली.

कड असलेली टोपी घ्यायची तर ती कुठे बसते ते महत्त्वाचं. डोळ्यांच्या रेषेपासून ६ सेंटिमीटर वर बसलेली आणि डोळ्यांच्या पुढे ८ सेंटिमीटर आलेली कड ३७ अंशांच्या वरचा सूर्य झाकते. तीच कड कपाळावर सरकवून १० सेंटिमीटर वर ठेवली, तर ५१ अंशांच्या वरचाच सूर्य झाकला जातो. नोव्हेंबरात अशी टोपी असून नसल्यासारखी. क्रिकेटच्या टोपीला फक्त पुढे कड असते, बाजू उघड्या राहतात. सगळीकडून कड असलेली टोपी, नाहीतर टोपी आणि तिच्याखाली दोन्ही बाजूंना सोडलेली दस्ती, हा जोड चांगला. कड असलेल्या टोपीने डोळ्यांत जाणारे अतिनील किरण साधारण निम्म्याने कमी होतात, असं मोजमापं सांगतात. उरलेल्या निम्म्यासाठी काच लागते.

आपल्या काळ्या रानाची एक जमेची बाजू सांगायला हवी. कोरडी वाळू शेकडा पंधरा भाग अतिनील किरण परत फेकते. माती आणि गवत दहाच्याही आत. म्हणजे आपल्याकडे खालून येणारा मारा कमी आहे. राखायचं ते वरून आणि बाजूने.

काचेचा रंग आणि काचेचं काम

गॉगलबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की काच जितकी काळी तितकी राखण जास्त. काळेपणा उजेड अडवतो. अतिनील किरण अडवण्याचं काम काचेच्या किंवा प्लास्टिकच्या जातीवर आणि त्यावरच्या लेपावर अवलंबून असतं. जत्रेतल्या काळ्या पण लेप नसलेल्या गॉगलमागे डोळ्यांना अंधार वाटतो, बाहुली मोठी होते, डोळे बारीक करायची सवयही सुटते, आणि जे किरण अडले नाहीत त्यांना दार अधिक उघडं मिळतं.

गॉगलवर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं असेल तर ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे सगळे अतिनील किरण अडवल्याचा दावा असतो. ‘पोलराइज्ड’ हा वेगळा गुण आहे. त्याने रस्त्यावरची, पाण्यावरची चकाकी कमी होते, राखणीची खात्री मिळत नाही. काळेपणाचे ० ते ४ असे वर्ग असतात. भर उन्हाला तिसरा वर्ग ठीक. चौथ्या वर्गाची काच लावून गाडी चालवू नये, ती फार गडद असते.

दावा खरा की खोटा? चष्म्याच्या चांगल्या दुकानात ते मोजण्याचं यंत्र असतं, मागून घ्यावं. ढोबळ परीक्षा करायची तर नोटा तपासायचा जांभळा दिवा वापरता येतो. त्याच्या उजेडात नोटेवरचे क्रमांक चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरली आणि चमक विझली, तर काच बरेच किरण अडवते आहे असं समजावं. दिव्याकडे मात्र पाहू नये.

शेतात काम करणाऱ्यांसाठी माझ्या मते सगळ्यात उपयोगाची वस्तू गॉगलच्या दुकानात नसते. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडरवर काम करणाऱ्यांसाठी पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक सुरक्षा-चष्मे मिळतात. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक अंगभूतच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतं, रंग पाण्यासारखा असूनही. त्याला बाजूंना आड असते. किंमत गॉगलच्या मानाने बरीच कमी. उजेड कमी होत नाही, त्यामुळे कापसातली पत्ती, पिकातलं तण नीट दिसतं. आणि दुसरा फायदा उन्हापेक्षाही तातडीचा आहे. उसाचं पातं, कापसाच्या वाळल्या बोंडाचं टोक, मळणीत उडणारा कण डोळ्याला लागला तर पारपटलाला ओरखडा पडतो आणि त्यात बुरशीचा संसर्ग झाला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. एकच चष्मा दोन्ही धोके टाळतो. फवारणीसाठी वापरलेला चष्मा मात्र या कामाला वापरू नये; त्याच्यावर विष असतं. तो वेगळाच ठेवावा.

सूर्याकडे पाहणं

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात. त्यांचे वडील सूर्याजीपंत हे सूर्याचे उपासक होते, असं परंपरा सांगते. सूर्याला अर्घ्य देणं, नमस्कार घालणं हे इथल्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि त्यात काही वावगं नाही. हात जोडावेत, नजर खाली ठेवावी. ‘सूर्याकडे एकटक पाहिल्याने नजर वाढते’ असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नये. अशा सूर्यत्राटकाने दृष्टिपटल भाजल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. अतिशय तेजस्वी वस्तू पाहून दृष्टी जाते, हे सुश्रुताच्या उत्तरतंत्रातही सांगितलेलं आहे.

भिंग सूर्याचा उजेड दृष्टिपटलावरच्या एका बिंदूवर एकवटतं, आणि त्या बिंदूनेच आपण वाचतो, माणूस ओळखतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. भाजताना काहीही दुखत नाही. काही तासांनी समोर काळा डाग दिसतो. न्यूटनने तरुणपणी आरशातला सूर्य पाहिला होता. पुढे सगळीकडे सूर्यच दिसू लागल्यावर तो तीन दिवस अंधाऱ्या खोलीत बसून राहिला, असं त्याने स्वतःच पत्रात लिहिलं आहे.

ग्रहणाचा संबंध दिवाळीशी आहेच, कारण सूर्यग्रहण अमावास्येलाच लागतं. २४ ऑक्टोबर १९९५ चं ग्रहण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी होतं. २५ ऑक्टोबर २०२२ चंही तसंच. आता २ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळा आहे, पण आभाळ फाकलं तर मुलं पाहणारच. परातीतल्या हळदीच्या पाण्यात ग्रहण पाहण्याची आपली जुनी रीत आहे. सूर्य माथ्यावर असताना पाण्यावरून शेकडा दोन भाग उजेड परत येतो, सूर्य कलता असला तर आणखी जास्त. सुरक्षित ग्रहणचष्मा लाखात फार तर तीन भाग सोडतो. दोन्हींतला फरक सहाशेपटीहून मोठा आहे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, हे सगळं टाळावं. ग्रहणाचा खास चष्मा, किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच, एवढंच थेट पाहायला चालतं. काहीच नसेल तर लिंबाच्या झाडाखाली जमिनीवर पाहावं. पानांच्या फटींतून पडलेला प्रत्येक कवडसा ग्रहणाच्या आकाराचा झालेला दिसतो.

कोणी काय करावं

मुलांचं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टिपटलापर्यंत जास्त किरण जातात, आणि त्यांचा हिशोब आत्ताच सुरू झालेला असतो. शाळेत जाताना कड असलेली टोपी ही सवय लहानपणीच लागावी. ऑस्ट्रेलियात उन्हापासून बचावाची मोहीम १९८१ मध्ये शर्ट, मलम आणि टोपी या तीन गोष्टींनी सुरू झाली. सावली आणि गॉगल तिच्यात नंतर जोडले गेले. आपल्याकडे टोपीपासून सुरुवात झाली तरी पुष्कळ.

मोटारसायकलवर हेल्मेटची काच खाली ठेवावी. डोळे लाल झाले, चुरचुरले, तर मेडिकलमधून मनाने थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असलं तर दीर्घकाळ वापराने काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. मध, गुलाबपाणी, झाडाचा चीक डोळ्यात घालू नये. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तपासणी करावी, मधुमेह असेल तर न चुकता.

या सगळ्यात खरी अडचण पैशाची कमी आणि लाजेची जास्त आहे. आमच्याकडे गॉगल म्हणजे नवरदेवाचा, नाहीतर पुढाऱ्याचा. एखादी बाई चष्मा लावून वेचणीला गेली तर बांधावर हसणारे चारजण असतात. ज्यांचे डोळे सगळ्यात जास्त तास उन्हात असतात, त्यांनाच ते झाकायला संकोच वाटतो. खुरपं, विळा, ओटी बांधायचं फडकं ही जशी कामाची हत्यारं, तसाच हा चष्मा मानला तर हसण्यासारखं काही उरत नाही. वेचणीला लावणाऱ्या शेतकऱ्याने आणि ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाने सगळ्यांना एकदमच दिले, तर एकटीने वेगळं दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

दिवाळी झाली की रानात पुढचा वेचा सुरू होईल, तोडीच्या टोळ्या फडात उतरतील. तेव्हा सूर्य दिवसभर कलताच असेल आणि हवा गार असेल. हार्डवेअरच्या दुकानात एक फेरी मारायला हेच दिवस बरे.